डावीकडचं दार

माझ्या सुरक्षा प्रशिक्षणात चाळीस स्लाइड होत्या. तारीख जाहीर झाली की आमच्या दूध संघातली माणसं लवकर येऊन खांबाआडच्या खुर्च्या पकडायची. खांबाआड झोपलं की बाईंना दिसत नाही, असा त्यांचा समज होता. मला सगळं दिसायचं. पण चाळीस स्लाइड संपवायच्या असल्यावर कुणाकुणाला उठवणार?

संघाचं नाव सांगत नाही, आमच्या पिशवीतलं दूध तुमच्याही चहात पडत असेल. मी सारिका नलवडे, इथली सेफ्टी ऑफिसर. माझा नवरा सयाजी इथेच रेफ्रिजरेशन ऑपरेटर आहे, म्हणजे दूध थंड करणारी अमोनियाची यंत्रं त्याच्या हातात. आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो, त्यामुळे आमचं अरेतुरे चालतं. सासूबाईंना ते अजून खटकतं. घरी आपलंच चालतं असं सयाजी चारचौघांत सांगतो, पण प्लांटमध्ये त्याला माझं ऐकावं लागतं, आणि खांबाआडची पहिली खुर्ची हमखास त्याची असायची.

अमोनियाबद्दल एवढंच सांगते. दूध थंड करायला त्याच्याइतका कामाचा आणि स्वस्त वायू दुसरा नाही. पण तो गळला की पहिला मारा डोळ्यांवर. डोळे मिटतात आणि काही केल्या उघडत नाहीत. मग भिंतीवर कितीही बाण रंगवा, जमिनीवर हिरवे दिवे लावा, सगळं फुकट. त्या वेळी माणूस बाहेर पडतो तो डोक्यात जे पक्कं बसलेलं असेल त्याच्या जोरावर. आणि माझ्या माणसांच्या डोक्यात चाळीस स्लाइडमधलं काहीएक बसत नव्हतं.

हे मी दिवाळीत प्रणोतीपुढे बोलून गेले. प्रणोती माझी नणंद, सयाजीची धाकटी बहीण. ती पुण्यात असते आणि कंपन्यांना स्लाइड करून देते. नुसत्या स्लाइड करायचे लोक पैसे देतात, हे सासूबाईंना अजूनही पटत नाही. तिनं माझं सादरीकरण उघडलं आणि फराळाची बशी बाजूला ठेवली.

"वहिनी, ही स्लाइड आहे की रेशनकार्ड?"

"सगळं नियमाप्रमाणे आहे त्यात."

"असेल ना. पण वाचणार कोण? तू पडद्यावर वाक्यं लिहितेस आणि तीच वाचून दाखवतेस. माणसाला एका वेळी एक तर ऐकता येतं, नाहीतर वाचता येतं. तू दोन्ही करायला लावतेस, म्हणून तो तिसरंच करतो, झोपतो." सयाजी खुसखुसला. "हसू नकोस दादा, झोपणाऱ्यांत तूच पहिला असशील. वहिनी, मला सांग, तुझ्या हॉलमधून माणूस बाहेर पडताना एकच गोष्ट घेऊन जाणार असेल, तर ती कोणती?"

मी विचार केला. "भोंगा वाजला की नाकाला ओलं फडकं लावायचं आणि दारानं अंगणात यायचं."

"झालं की मग! बाकीच्या एकोणचाळीस काढून टाक."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिचं म्हणणं मनात राहिलं. आणि तेव्हाच तिनं मला ठसाबद्दल सांगितलं.

ठसा बाजारात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यामागचं शास्त्र मात्र तसं जुनंच. आपला मेंदू सगळा वेळ सारख्याच ताकदीनं लक्षात ठेवत नाही. नव्या आठवणी जिथे आकार घेतात, त्या खोल भागात सेकंदाला पाच-सहा वेळा एक लय चढते आणि उतरते. चढतीला जे समोर येतं ते आत शिरतं, उतरतीला आलेलं बरंचसं वाहून जातं. शिवाय माणूस जरासा घाबरला की मेंदूत एक रसायन सुटतं आणि त्या क्षणी पाहिलेलं पक्कं होऊन बसतं. जुना अपघात वर्षानुवर्षं डोळ्यांपुढून हलत नाही आणि परवा काय जेवलो ते आठवत नाही, ते यामुळेच. ठसानं या दोन गोष्टी एकत्र आणल्या. पडद्याच्या कडेला बसवलेले कॅमेरे समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांची बारीक हालचाल टिपतात आणि तिच्यावरून आतली लय ओळखतात. मग पडद्याचा उजेड डोळ्यांना कळणार नाही इतका कमीजास्त करत ते सगळ्या खोलीला हळूहळू एका लयीत आणतात. सगळे लयीत आले की भोंगा वाजवायचा, थोडा वास द्यायचा आणि नेमक्या चढतीला चित्र दाखवायचं. पाच-सात मिनिटांत काम होतं. त्यानंतर आयुष्यभर, भोंगा वाजला की आधी चित्र येतं आणि पाय चालू लागतात. विचार मागून येतो.

"आणि एकदा बसलं की निघत नाही," प्रणोती म्हणाली होती. "म्हणून चित्र एकच आणि अगदी स्वच्छ हवं."

चित्र तिनंच केलं. मी तिला आमच्या हॉलचा फोटो पाठवला होता. हॉल लांबट आहे, एका टोकाला कॉम्प्रेसर, दुसऱ्या टोकाला पिशव्या भरायची यंत्रं. तिनं त्या गोंधळातून चार रेघा ठेवल्या: यंत्रं करड्या रंगात, एक दार पिवळं, दाराकडे धावणारा माणूस, आणि बाजूला तीन शब्द. भोंगा. फडकं. दार. तिनं ते मोबाइलवर पाठवलं तेव्हा मी एका साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत होते. इतकं सुटसुटीत दिसलं की मी जिलबी खाता खाता "छान" म्हणून कळवून टाकलं.

प्रशिक्षणाला चेअरमनसाहेब आणि सगळे संचालक पहिल्या रांगेत होते, कारण अमुक संघानं पहिल्यांदा ठसा आणलं म्हणून फोटो छापून येणार होता. हॉलमधली आणि पॅकिंगमधली सगळी माणसं मागे. मी लॅपटॉपपाशी, पडद्याच्या मागच्या बाजूला उभी, म्हणून चित्र मला दिसत नव्हतं. भोंगा वाजला, कापसावरचा अमोनिया पंख्यासमोर धरला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा मिनिटांत चहा. त्या दिवशी खांबाआड कुणी झोपलं नाही, आणि मी प्रणोतीला फोन करून तिची तोंडभरून स्तुती केली.

चार महिन्यांनी मी मॉक ड्रिल घेतलं.

कॉम्प्रेसरकडे तोंड करून उभं राहिलं की हॉलचं उजवीकडचं दार अंगणात उघडतं. मी अंगणात त्या दारासमोर हातात घड्याळ घेऊन उभी राहिले आणि भोंगा वाजवायला सांगितला. वाजला. मी वाट बघतेय. दार बंदच. गेटवर बिनड्रायव्हरचा टँकर आत यायला थांबला होता, त्याचा कॅमेरा माझ्याकडे वळून बघतोय असं उगाच वाटलं. मी मनात म्हटलं, या लोकांना कशाचं म्हणून गांभीर्य नाही. एकेकाचा चहा बंद करते. दार ढकलून आत गेले, तर हॉल रिकामा. यंत्रं चालू, पट्ट्यावर पिशव्या सरकतायत आणि माणूस एक नाही.

मग पलीकडून, हॉलच्या डाव्या बाजूनं, हसण्याचा आवाज आला.

डावीकडच्या दारामागे सुट्या भागांचं भांडार आहे. गास्केटं, बेल्ट, ग्रीसचे डबे. तिथून बाहेर जायला दुसरी वाट नाही. सगळीच्या सगळी माणसं त्या भांडारात कोंबून उभी होती, नाकाला ओली फडकी लावून, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. काही जण हसत होते, काही नव्हते. सयाजी सगळ्यात आत, भिंतीला टेकून उभा होता.

"ही काय थट्टा लावलीय?" मी ओरडले.

"थट्टा नाही गं," सयाजी म्हणाला. फडक्याआडून त्याचा आवाज विचित्र येत होता. "मला माहीत होतं दार तिकडे आहे ते. चौदा वर्षं त्याच दारानं येतोय-जातोय. पण पाय इकडे आले."

मी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं, उजवीकडच्या दारावर हात आपटून दाखवलं, प्रत्येकाकडून मोठ्यानं वदवून घेतलं. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. पुन्हा भोंगा वाजवला. ती माणसं मान खाली घालून, शहाण्यासारखी, डावीकडे गेली. या वेळी कुणी हसलं नाही.

मी तिथेच मोबाइलवर ते चित्र उघडलं. चित्रातलं पिवळं दार डावीकडे होतं. मी तिथूनच तिला फोन लावला.

"प्रणोती, हॉलचं चित्र कशावरून काढलंस तू?"

"तूच पाठवलेल्या फोटोवरून. का गं?"

"चित्रात दार डावीकडे आहे. आमचं उजवीकडे आहे."

तिनं फाइल उघडून बघितली. मग ती म्हणाली, "वहिनी, मी ते पलटवलं."

तिच्या धंद्यात हे रोजचंच आहे. चित्रातला माणूस पडद्याच्या कडेकडे धावत असला तर बघणाऱ्याची नजर त्याच्यामागे पडद्याबाहेर जाते. म्हणून चित्र आरशासारखं उलटं करायचं, म्हणजे तो शब्दांकडे तोंड करून आत धावतो. बघायला बरं वाटतं. एक बटण दाबायचं काम. फुलांच्या, पुलांच्या, हसणाऱ्या माणसांच्या चित्रांत त्यानं काही बिघडत नाही, आणि तिनं आजवर हजार चित्रं अशी पलटवली असतील. तिनं आमचं दार पलटवलं आणि मी जिलबी खात त्याला होकार दिला.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आली. तिचा चेहरा बघून मी तिला बोलायचं ठरवलेलं एकही वाक्य बोलले नाही. आम्ही ठसा कंपनीच्या डॉक्टर वैखरी तांबे यांना व्हिडिओ कॉल लावला. मेंदूवर काम करणारी बाई, बोलायला एकदम रोखठोक.

"पुसता येत नाही का?" मी विचारलं.

"पुसायचं तंत्र आमच्याकडे असतं तर ते आम्ही आधी विकलं असतं."

"भोंगा बदलला तर? घंटा लावली तर?"

"बघा लावून. पण चित्र नुसत्या आवाजाला बांधलेलं नाहीये, भीतीला आणि वासाला पण बांधलेलं आहे. खरी गळती झाली तर भोंगा नसला तरी तेच होईल."

"मग त्याच्यावर बरोबर चित्राचा दुसरा ठसा?"

"मी नको म्हणेन. पहिला जात नाही. दोन्ही येतात."

आम्ही ऐकलं नाही. सयाजीनंच पुढे होऊन सांगितलं की माझ्यावर करून बघा. बरोबर चित्राचा ठसा बसवला, दोन दिवस जाऊ दिले आणि त्याला हॉलच्या मध्यावर उभं करून भोंगा वाजवला. तो डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. आणि मग तो जागच्या जागी उभा राहिला. भोंगा थांबेपर्यंत नुसता उभा, फडकं नाकाला धरून, घाम निथळतोय. प्रणोती माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला रुतली. खरा वायू असता तर माझा नवरा तिथेच पडला असता. त्या दिवशी मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसरा ठसा बाकी कुणावर करायचा नाही, हे तिथेच ठरलं.

एकच उपाय दिसत होता. माणसं डावीकडे जाणार असतील तर डावीकडून बाहेर काढायचं. भांडार रिकामं करायचं आणि त्याची मागची भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला दार पाडायचं. सयाजी डावीकडे गेला काय, मध्ये गोंधळून मग उजवीकडे गेला काय, दोन्हीकडे दार असलं तर कसाही बाहेर पडेल.

मी चेअरमनसाहेबांकडे गेले. रणधीर जगदाळे, वय पन्नाशीच्या पुढे, कपडे कडक इस्त्रीचे, माणूस तसा वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठली भिंत म्हणालात?"

मला माहीत होतं की ते हेच विचारणार. भांडाराच्या त्या भिंतीवर बाहेरून, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, फरशीच्या तुकड्यांचं मोठं चित्र आहे. संघाचे संस्थापक तात्यासाहेब, हातात दुधाची किटली, शेजारी म्हैस. तात्यासाहेब म्हणजे यांचे वडील.

"बाई, चूक चित्रातली आणि फोडायची भिंत?" ते म्हणाले. "त्यापेक्षा माणसं बदला. ज्यांच्यावर ठसा बसलाय त्यांना संकलन केंद्रांवर पाठवू. नवी घेऊ. नाहीतरी निम्मं काम आता मशीनच करतंय."

"साहेब, नव्या माणसाला ही यंत्रं कळायला दोन वर्षं लागतात. तोवर?"

"पुढच्या बैठकीत ठेवा विषय. तुमच्या त्या नणंदबाईंनाच मांडू दे."

घरी आल्यावर मी प्रणोतीला स्वयंपाकघरात गाठलं. ती सासूबाईंसाठी चहा करत होती.

"बैठकीत ठसा लाव," मी म्हटलं.

तिनं वळून बघितलं.

"सगळे संचालक बसतील समोर. तुझे कॅमेरे लाव, लय आण आणि दाखव त्यांना. भांडारात गुदमरून पडलेली माणसं दाखव. जन्मभर झोपणार नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंत पडेल."

"नाही वहिनी."

"का नाही?"

"त्यांना न विचारता त्यांच्या डोक्यात घालायचं?"

"माझ्या माणसांच्या डोक्यात घातलंसच की!"

"त्यांना आपण सांगून घातलं होतं. तरी काय झालं बघतेस ना? मला तेव्हा खात्री होती की माझं चित्र बरोबर आहे. तुलाही होती. आता परत मला खात्री आहे म्हणून मी परत कुणाच्या डोक्यात हात घालू?" तिचे डोळे भरून आले होते. "मला विचार करणारी माणसं समोर हवीत. हो म्हणू देत नाहीतर नाही म्हणू देत."

"आणि नाही म्हणाले तर? तुझा सख्खा भाऊ आहे तो, प्रणोती!"

"मला माहितेय तो कोण आहे माझा!"

चहा उतू गेला. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, काय गं पोरींनो, भांडता काय? आम्ही दोघींनी एकदमच "नाही" म्हणून सांगितलं आणि बैठकीपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. सयाजी बिचारा दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि कालवण छान झालंय म्हणायचा, ते मीठ विसरलेलं असलं तरी.

बैठकीच्या दिवशी मी उशिरा आत गेले, मुद्दामच. संचालक बसले होते, पडदा लावलेला होता, प्रोजेक्टर चालू होता. प्रणोती साधी सुती साडी नेसून उभी होती. तिच्यासमोर लॅपटॉपच नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं, ही रडून माफी मागणार आणि परत जाणार.

"माझं नाव प्रणोती नलवडे. तुमच्या हॉलचं चित्र मी केलं आणि चुकीचं केलं," ती म्हणाली. "माझं सादरीकरण इथे नाही, खाली हॉलमध्ये आहे. चालत यावं लागेल."

संचालक एकमेकांकडे बघायला लागले. एक वयस्कर संचालक गुडघे दुखतात म्हणाले. पण चेअरमनसाहेब उठले, त्यामुळे बाकीच्यांनाही उठावं लागलं.

हॉलमधली यंत्रं थोडा वेळ बंद ठेवून माणसांना बाहेर काढलेलं होतं. प्रणोतीनं सगळ्यांना मध्यावर, सयाजी रोज उभा असतो त्या पॅनेलपाशी नेलं आणि प्रत्येकाच्या हातात ओलं फडकं दिलं.

"साहेब, बाहेर जायचं दार कोणतं?"

"अहो, आम्ही या प्लांटमध्ये लहानाचे मोठे झालो," चेअरमनसाहेब हसले. "ते काय, उजवीकडे."

"भोंगा वाजेल. त्या दारातून बाहेर या. एवढंच."

ती आणि मी उजवीकडच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिलो. माझ्यावर ठसा बसलेलाच नव्हता, आणि तिनं चित्र रोज पाहिलं असलं तरी कॅमेऱ्यापुढे कधी बसली नव्हती. भोंगा वाजला. चेअरमनसाहेबांनी उजवीकडे, थेट आमच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं हे मी शपथेवर सांगते. आणि मग फडकं नाकाला लावून ते डावीकडे चालू लागले. त्यांच्यामागे सगळे. गुडघे दुखणारे सगळ्यात पुढे.

आम्ही भांडाराच्या दारात गेलो. इस्त्रीचे कपडे, टोप्या, ग्रीसचे डबे, सगळं एका ठिकाणी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चेअरमनसाहेब मागच्या भिंतीपाशी पोचले होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, मग दुसरा हात ठेवला आणि ढकललं. फार जोरात नाही. ढकलून बघितलं आणि हात तसेच राहू दिले.

"मला दिसत होतं की दार," ते म्हणाले. "तुम्ही दोघी दिसत होता."

"आमच्या माणसांना तेही दिसणार नाही, साहेब," मी म्हटलं. "त्यांचे डोळे मिटलेले असतील."

त्यांनी मान हलवली. हात न काढता विचारलं, "या भिंतीपलीकडे तात्यांचं चित्र नेमकं कुठंवर येतं?"

"तुम्ही हात ठेवलाय तिथे म्हैस आहे."

"मग फोडा," ते म्हणाले.

महिन्याभरात दार झालं, रुंद, बाहेर ढकलून उघडणारं, कडी नसलेलं. तात्यासाहेब वाचले, किटलीही वाचली, म्हैस गेली. गावात अजून यावर विनोद चालतात. भांडार दुसरीकडे हलवलं आणि ती खोली कायमची रिकामी ठेवली. मी प्रणोतीला बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा तिला म्हटलं, तू ठसा लावला नाहीस ते बरं केलंस. ती म्हणाली, तू मनापासून म्हणतेस की गाडी सुटायची वेळ झाली म्हणून? मी तिला एक चापट मारली. तिनं ठसाचं काम सोडून दिलं. आता ती कारखान्यांत जाते, आणि चित्र काढायच्या आधी त्या हॉलमध्ये स्वतः दिवसभर उभी राहते. पूर्वीपेक्षा कमी कमावते, हे सासूबाईंना मात्र लगेच पटलं.

पुढच्या उन्हाळ्यात गळती झाली.

भर दुपारी, सगळी यंत्रं पूर्ण ताकदीनं चालू असताना, एका कॉम्प्रेसरचा सांधा सुटला. मी प्रयोगशाळेकडून येत होते. आधी वास आला, मग भोंगा. मी रस्त्याच्या बाजूला धावले. नवं दार धाडकन उघडलं आणि माणसं यायला लागली, फडकी नाकाला, डोळे मिटलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात, खोकत, ठेचकाळत, पण येत होती. त्यांच्यामागून पांढरा धूर. मी वाऱ्याच्या उलट दिशेला त्यांना लिंबाच्या झाडाखाली गोळा केलं. आमची जमायची जागा तीच. पाण्यानं डोळे धुवायला सांगितलं आणि हजेरी घेतली.

सगळे होते. सयाजी नव्हता.

"मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला थांबला," पॅकिंगमधली एक बाई म्हणाली.

ते त्याचं कामच होतं. नियम मीच लिहिला होता. ऑपरेटरनं मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग बाहेर पडायचं. पण त्याच्या डोक्यात दोन चित्रं होती. सगळ्या संघात तो एकटाच होता ज्याच्या डोक्यात दोन होती. मला तो हॉलच्या मध्यावर उभा दिसायला लागला, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी मास्क चढवायला घेतला आणि माझी बोटं पट्ट्यात अडकायला लागली. मी देवाचं नाव घेतलं, त्याचं घेतलं, दोन्ही नावं एकात एक मिसळून काहीतरी ओरडत होते.

मी दारापाशी पोचले तेव्हा तो बाहेर आला.

डोळे घट्ट मिटलेले, फडकं नाकाला, दुसरा हात पुढे. म्हशीच्या जागेतून बाहेर आला आणि सरळ चालत राहिला. मी पकडून थांबवलं नसतं तर रस्त्यावर गेला असता. त्याला झाडाखाली बसवलं, डोळ्यांवर पाणी ओतलं. डोळे लालबुंद, पण उघडले.

"व्हॉल्व्ह बंद केलाय," तो म्हणाला.

"मरू दे तो व्हॉल्व्ह. मध्ये अडकला होतास का?"

"कुठं?"

"अरे, हॉलमध्ये! दोन्हीकडे जावंसं वाटलं का? काय दिसलं तुला? कोणतं चित्र आलं?"

तो विचार करत बसला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, मी त्याचा चेहरा ओळखते.

"काहीच आठवत नाही गं," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह बंद केला ते आठवतं, आणि मग तुझा आवाज आला ते."

माझं रडणं मग थांबेना. सगळ्या संघासमोर, सेफ्टी ऑफिसरच्या हेल्मेटसकट, हमसून हमसून रडले. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "अगं, सगळे बघतायत. हजेरी पूर्ण कर."

मी नाक पुसलं, उभी राहिले आणि एकच राहिलेलं नाव मोठ्यानं घेतलं.

"सयाजी नलवडे."

"हजर."